ओसीटीचा रिपोर्ट आणि आपली नजर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शुगर आणि डोळे यावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली, ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मशीनवर काढलेल्या फोटोचा, रिपोर्ट हातात आहे पण त्याचा आणि स्वतःला जे दिसतंय त्याचा मेळ लागत नाहीये. कुणाला सगळं स्वच्छ दिसतं आणि रिपोर्टवर लालच लाल, कुणाचा रिपोर्ट बरा आणि घरात ठेचकाळणं चालू. मी पडद्याची डॉक्टर आहे, दिवसभर हेच बघते, आणि माझं म्हणणं एकच आहे की पडद्याचा फोटो आणि माणसाची नजर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायला जाऊ नका, दोन्ही करा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. पत्रं थोडक्यात देतेय, नावं काढून.

प्रश्न: बाबा ६१ वर्षांचे, शुगर बरीच जुनी. चष्मा लावून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतात. पण ओसीटीत उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज निघाली. एक डॉक्टर म्हणतात लगेच इंजेक्शन घ्या, दुसरे म्हणतात आत्ता थांबू, दोन महिन्यांनी परत या. कुणाचं ऐकायचं? (बारामती)

ताई, दोघंही चुकीचं सांगत नाहीयेत, आधी सूज म्हणजे काय ते बघू मग तुमचं तुम्हालाच कळेल. आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो ते सगळं पडद्याच्या मधल्या एका छोट्या भागावर, त्याला मॅक्युला म्हणतात. ओसीटी मशीन डोळ्यात न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतं आणि पडद्याच्या थरांवरून तो कसा परततो त्यावरून उभा छेद दाखवतं, ही पद्धत १९९१ साली अमेरिकेत एमआयटीच्या टीमने पहिल्यांदा मांडली. मॅक्युलाची मधोमध जाडी साधारण २५० ते २७० मायक्रॉन असते, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि शुगरमुळे बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागल्या की तिथे पाणी साठून ती वाढते. छेदात ते काळ्या पोकळ फुग्यांसारखं दिसतं, पेशंटला स्क्रीनवर दाखवलं की तो घाबरतोच. पण ते काळे फुगे दिसले म्हणजे नजर गेली असं नाही, ३५० जाडी असलेला माणूस ६/६, म्हणजे तक्त्यावरची नॉर्मल नजरेची ओळ, वाचतो आणि ३०० वाला अडखळतो हे मी नेहमी बघते.

आता मुख्य मुद्दा. अगदी बाबांसारख्याच लोकांवर अमेरिका आणि कॅनडात मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला, ७०२ लोक, सगळ्यांना मॅक्युलाच्या मध्यावर सूज पण नजर मात्र छान. एका गटाला लगेच इंजेक्शन, दुसऱ्याला लेसर, तिसऱ्याला फक्त लक्ष ठेवणं. दोन वर्षांनी नजर ठळक कमी झालेले लोक तिन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले, १६ ते १९ टक्के. म्हणून जे डॉक्टर थांबू म्हणतात त्यांना भक्कम आधार आहे. पण थांबणं म्हणजे घरी बसणं नव्हे हो, त्या अभ्यासात लोकांना ८ आठवड्यांनी, मग १६ आठवड्यांनी आणि पुढेही ठरलेल्या वेळी बोलावत होते आणि नजर घसरली की लगेच इंजेक्शन देत होते, आणि फक्त लक्ष ठेवलेल्या गटातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना ते शेवटी द्यावंच लागलं. तेव्हा मी पेशंटला औषधाआधी विचारते, तुम्ही परत येणार का? सोबत कोण येणार, एसटीची सोय काय, कापणीच्या दिवसांत याल का? जो नक्की येणार त्याच्या बाबतीत मी बिनधास्त थांबते. जो गेला की वर्षभर दिसत नाही, किंवा ज्याची शुगर, बीपी, किडनी सगळंच हाताबाहेर आहे, त्याच्या बाबतीत माझा कल लवकर उपचार करण्याकडे जातो. बाबा कुठल्या गटात बसतात ते तुम्हीच जास्त चांगलं सांगाल.

याच्या उलटंही होतं आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. इंजेक्शनं झाली, ओसीटीत पडदा एकदम सपाट कोरडा, घरचे खूश, आणि पेशंट म्हणतो मला काही फरक नाही. तो खोटं बोलत नसतो. शेतात पाणी तुंबून राहिलं आणि नंतर उपसून काढलं तरी कुजलेलं पीक उभं राहत नाही, तसंच आहे हे. छेदात खालच्या बाजूला एक चमकदार रेघ असते, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची, ती तुटक झाली असेल किंवा वरचे थर एकमेकांत मिसळून गेले असतील तर जाडीचा आकडा नॉर्मल येऊनही नजर परतत नाही. काही वेळा मधल्या भागाचा रक्तपुरवठाच आटलेला असतो, ते साध्या ओसीटीत कळत नाही, त्याला डाय (सुईने शिरेत दिलेला रंग) घालून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो, म्हणजे अँजिओ, किंवा ओसीटी अँजिओ करावी लागते. म्हणून डॉक्टरांना फक्त ‘जाडी किती आली’ विचारू नका, ‘ती रेघ शाबूत आहे का’ हे विचारा, पुढे किती सुधारेल त्याचा खरा अंदाज तिथून मिळतो.

आणि एक, दोन सेंटरचे आकडे एकमेकांशी लावून बघू नका. प्रत्येक कंपनीचं मशीन जाडी थोडी वेगळ्या रेघेपासून मोजतं, तोच डोळा एका मशीनवर २५५ आणि दुसऱ्यावर २७० येऊ शकतो, त्यात काही बिघडलं नाही की सुधारलं नाही. जमेल तेवढं एकाच ठिकाणी एकाच मशीनवर करा आणि प्रत्येक वेळी किती ओळी वाचल्या ते त्याच कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: वय ३८, नंबर मायनस ८. चष्म्याच्या तपासणीला गेले तर ओसीटीत नस लाल आली, काचबिंदूचा संशय सांगितला, डोळ्याचं प्रेशर मात्र १६. मग फिल्ड टेस्ट केली, त्यात अर्धे दिवे दिसलेच नाहीत, रडू आलं. (ठाणे)

आधी रडणं थांबवा, कारण फिल्ड टेस्टमध्ये, म्हणजे समोर बघत असताना आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीत, अर्धे दिवे न दिसणं हे ठरवून केलेलं असतं. हे टेस्टच्या आधी कुणी नीट सांगत नाही याचा मला मनापासून राग आहे. एक डोळा झाकून पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. तुम्हाला ठिपका दिसला की मशीन त्याच जागी आणखी मंद ठिपका टाकतं, दिसेनासा होईपर्यंत, कारण त्याला तुमची हद्द शोधायची असते. त्यामुळे ज्याची नजर उत्तम त्यालाही बरेचसे ठिपके दिसत नाहीत. त्यातून पहिली टेस्ट बहुतेकांची खराबच येते, हाताला सवय नसते, माणूस ताणात असतो. माझ्याकडे तरी पहिल्या टेस्टवर मी काचबिंदूचं निदान करत नाही, परत करते. पुढच्या वेळी पोटात काहीतरी घालून जा, पापण्या मिटायला घाबरू नका, आणि दमलात तर बटण दाबून धरून ठेवा, बहुतेक मशीन तेवढा वेळ थांबतात.

आता लाल रंग. ओसीटी तुमच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तंतूंची जाडी मोजतं आणि मशीनमध्ये भरलेल्या निरोगी लोकांच्या आकड्यांशी लावून बघतं, सरासरीत बसलात तर हिरवं, कडेला पिवळं, शंभरात एखाद्याचंच असेल इतकं कमी आलं तर लाल. गंमत अशी की त्या निरोगी लोकांत मोठ्या मायनस नंबरचे लोक सहसा घेतलेलेच नसतात. मायनस ८ चा डोळा लांबट असतो, त्यात तंतूंचे जाड पट्टे कानाच्या बाजूला सरकलेले असतात, मशीन ते नेहमीच्या जागी शोधतं आणि तिथे पातळ दिसलं की लाल करून टाकतं. आमच्यात याला ‘रेड डिसीज’ म्हणतात, रोग कागदावर, डोळ्यात नाही. पण लगेच सुटकेचा नि:श्वास टाकू नका, कारण मोठा मायनस नंबर हा स्वतःच काचबिंदूचा धोका वाढवतो आणि प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, त्यामुळे १६ आकड्यावर विसंबून फाइल बंद करता येत नाही. हिरव्या रंगाचाही असाच धोका, हिरवं आहे म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि आत तंतू हळूहळू कमी होत जातात.

मग करायचं काय, तर आजची ओसीटी ही तुमची स्वतःची पायरी समजायची. सहा महिने ते वर्षाने त्याच मशीनवर परत, आणि तुलना तुमचीच तुमच्याशी. रंग बघायचा नाही, आकडा खाली सरकतोय का ते बघायचं. नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात आणि त्यातले साधारण पाव ते एक तृतीयांश गेल्याशिवाय फिल्ड टेस्टमध्ये खात्रीचा डाग दिसत नाही असं जुन्या अभ्यासांत आढळलंय, म्हणून सुरुवातीच्या काळात फोटो पुढे असतो. पण काचबिंदू फार पुढे गेला की उलटं होतं, तंतूंची जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास आली की तिथे नुसती आधाराची पेशीजाळी आणि रक्तवाहिन्या उरतात, ओसीटीचा आकडा खाली जायचा थांबतो आणि माणसाची नजर मात्र जातच असते. तिथे फक्त फिल्ड टेस्ट खरं सांगते. ज्यांच्या घरी वयस्कर काचबिंदूचे पेशंट आहेत त्यांनी हे नीट वाचा, ‘ओसीटी स्थिर आहे’ हे ऐकून फिल्ड टेस्ट टाळू नका, कितीही कंटाळा आला तरी.

तुमच्या आईवडिलांना, भावंडांना काचबिंदू आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, नसेल माहिती तर त्यांची तपासणी करून घ्या.

प्रश्न: आमवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे, चार वर्षं झाली. दिसायला काही त्रास नाही. संधिवाताच्या डॉक्टरांनी डोळ्याची ओसीटी आणि फिल्ड दोन्ही करायला सांगितलंय. खरंच गरज आहे का पैसे काढायचा प्रकार? (सोलापूर)

खरंच गरज आहे. आणि तुमचे डॉक्टर जागरूक आहेत, त्यांना धरून राहा. हे औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, सांध्यांना खूप उपयोगी आहे, पण वर्षानुवर्षं घेतलं तर थोड्या लोकांत पडद्याला इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही, कधी कधी औषध बंद केल्यावरही थोडी वाढत जाते. ही इजा मॅक्युलाच्या मधल्या टिंबाला सोडून त्याच्या भोवती गोल गोल होते, म्हणून तक्ता वाचायला लावलं तर माणूस ६/६ वाचतो, आणि त्याला वाटतं आपलं सगळं ठीक आहे. ओसीटीत मात्र ती चमकदार रेघ टिंबाच्या बाजूला तुटलेली दिसते आणि फिल्डमध्ये मधोमध कड्यासारखा मंद भाग निघतो. आशियाई लोकांत ही इजा जरा बाहेरच्या बाजूला सुरू होते, त्यामुळे फक्त मधल्या १० अंशांची फिल्ड करून भागत नाही, मोठ्या भागाचीही करायला हवी, हे तुमच्या टेक्निशियनला आठवण करून दिलंत तरी चालेल.

नियम साधा आहे, औषध सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा पडदा बघून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनी कमजोर असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू असेल तर दरवर्षीची तपासणी पाच वर्षांची वाट न बघता आधीच. तुमची पहिली तपासणी झालेली दिसत नाही, ती आता करा. आणि डोस तपासा, रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवा. वजन ५० किलो असेल तर दिवसाला २५०, आणि सरसकट २०० च्या दोन गोळ्या चालू असतील तर ते जास्त होतंय, ८० किलोच्या माणसाचा तो डोस आहे. पण स्वतःहून गोळी कमी करू नका, बंद तर मुळीच नको, हा कागद घेऊन संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा आणि वजन सांगून विचारा.

प्रश्न: ओसीटीने रेडिएशन लागतं का? गरोदरपणी चालते का?

नाही लागत, एक्स-रे नाहीच त्यात, नुसता प्रकाश आहे, चालते. उलट आधीपासून शुगर असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत पडदा बघून घ्यायलाच हवा. डायची अँजिओ मात्र गरोदरपणी शक्यतो टाळतात. ती कुणीही केली तरी दिवसभर लघवी गर्द पिवळी होते आणि कातडीही पिवळसर दिसते, कावीळ नव्हे ती, डाय बाहेर पडतोय. थोडी मळमळ होते. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र तिथल्या तिथे सांगायचं, आणि पूर्वी कधी ॲलर्जी झाली असेल तर सुई टोचायच्या आधी.

प्रश्न: सासूबाई ७२, डोळ्याचं ‘वयाचं झिजणं’ सांगितलंय, कोरड्या प्रकारचं. चष्म्याने ६/९ वाचतात. पण म्हणतात उन्हातून घरात आलं की काही दिसत नाही, लोक ओळखू येत नाहीत, जिना उतरायला भीती वाटते. घरातल्यांना वाटतं लक्ष वेधून घ्यायला करतात. (कोल्हापूर)

त्या खरं बोलतायत. कृपा करून हे उत्तर घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

तक्ता १८६२ साली स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी केला, पांढऱ्यावर काळी कुळकुळीत अक्षरं, भरपूर उजेड. असं जग घरात कुठे असतं? सिमेंटचा जिना सगळा एकाच राखाडी रंगाचा, पायरीची कड कुठे संपते ते फक्त हलक्या सावलीवरून कळतं. गव्हाळ चेहऱ्यावरचं नाक-ओठ हेही हलक्या छटांनीच ओळखतो आपण. या आजारात पडद्याखाली पिवळे कण साठतात, आणि मोठं काळं अक्षर वाचण्याची ताकद टिकून असतानाच छटा ओळखण्याची आणि अंधाराला सरावण्याची ताकद कमी व्हायला लागते. आपल्याला थिएटरमध्ये शिरल्यावर थोड्या वेळात खुर्च्या दिसायला लागतात, त्यांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. याची वेगळी टेस्ट आहे, कॉन्ट्रास्टची, पेली-रॉबसन तक्ता म्हणतात, अक्षरं सगळी एकाच आकाराची पण पुढे पुढे फिकट होत जातात. पाच मिनिटांचं काम आहे, मागून घ्या. मी घरच्यांना शेजारी उभं करून ही टेस्ट करते, सासूबाई तिसऱ्या ओळीला थांबल्या आणि सुनेला सहावी दिसतेय हे समोर घडलं की पुढे समजवावं लागत नाही.

घरात काय करता येईल, तर प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी रेडियमची पट्टी, जिन्यात जोरात उजेड पण दिवा डोळ्यावर येणारा नको, पायरीवर पडणारा हवा. दूधभात, दहीभात पांढऱ्या ताटलीत देऊ नका, गडद रंगाची ताटली आणा, आणि काळा चहा असेल तर पांढरा कप. उन्हातून आत आल्यावर दोन मिनिटं खुर्चीत बसू द्या, लगेच स्वयंपाकघरात हाका मारू नका. जवळ गेल्यावर ‘मी अमुक आलेय’ असं नाव सांगा. आठवड्यातून एकदा चौकटीचा कागद, अ‍ॅम्सलर ग्रिड म्हणतात त्याला, चष्मा लावून एकेका डोळ्याने बघायचा, रेघा नव्याने वाकड्या दिसल्या तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा, कोरड्याचा ओला प्रकार झालेला असू शकतो आणि त्याला इंजेक्शन लवकर लागतं. गोळ्यांचं म्हणाल तर ल्युटिन-झिंकवाल्या गोळ्या आजार मधल्या टप्प्यात असेल तर पुढे जाण्याचा धोका कमी करतात, सुरुवातीच्या टप्प्यात उपयोग दिसलेला नाही, तेव्हा टप्पा विचारूनच पैसे घाला. मिश्री, तंबाखू चालू असेल तर सोडायला लावा.

प्रश्न: वय २४, रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडद्याचा आनुवंशिक आजार, नजर कडेकडून आत आकसत जाते). तक्त्यावर ६/९ वाचतो म्हणून अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला नाही म्हणाले. फिल्ड दोन्ही डोळ्यांत ८ अंशांच्या आसपास उरलंय. (नाशिक)

हे चूक झालंय आणि तुम्ही परत अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात तक्त्याच्या ओळींसोबत दृष्टीच्या कक्षेचाही स्पष्ट उल्लेख आहे, ४० अंशांपेक्षा कमी ते १० पर्यंत उरली तर अल्पदृष्टी आणि १० अंशांपेक्षा कमी उरली तर अंधत्व, मग वाचन कितीही चांगलं असो. ६/९ का येतं ते तुमच्या ओसीटीत दिसेल, ती चमकदार रेघ फक्त मधल्या छोट्या तुकड्यात शिल्लक असते, कडेला नाहीशी झालेली, आणि तक्ता वाचायला मधला तुकडा पुरतो, रस्ता ओलांडायला पुरत नाही. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर करा आणि बोर्डासमोर जाताना दोन्ही डोळ्यांच्या फिल्डच्या मूळ प्रिंट, एकाच दिवसाच्या आणि विश्वासार्हतेचे आकडे चांगले असलेल्या, शिवाय ओसीटी आणि ईआरजी (पडद्याची विद्युत तपासणी) झालं असेल तर तेही घेऊन जा. झेरॉक्स नको, फिल्डच्या राखाडी छटा झेरॉक्समध्ये उडतात. कायद्याच्या परिशिष्टातलं ते पान छापून फाइलच्या वरती लावा.

भावंडांचीही तपासणी करून घ्या, आणि जमलं तर जनुकीय तपासणी, कारण यातल्या आरपीई६५ नावाच्या एका जनुकाच्या दोषावर अमेरिकेत २०१७ मध्ये उपचाराला मान्यता मिळालीय, बाकीच्या जनुकांवर काम चालू आहे, आपला दोष कुठला ते नोंदलेलं असलं तर पुढे उपयोगी पडेल.

बाइक चालवत असाल तर आजपासून बंद करा. ८ अंशांत समोरचा सिग्नल दिसतो, फुटपाथवरून उतरणारं पोर दिसत नाही. पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण आत्ताच घ्या, मधली नजर शाबूत आहे तोवर ते जास्त लवकर जमतं.